तेवीस नंबरचं जाकीट

४ जानेवारी १९९९, सोमवार

आजपासून नोकरी. पत्रावर ‘सुरक्षा सहायक’ असं छापलंय. आमचे साइट मॅनेजर दिग्विजय साहेब. त्यांनी पहिल्या दहा मिनिटांतच सांगून टाकलं, “मॅडम, ही जागा करारात आहे म्हणून भरलीय. रस्त्याला पैसा देणाऱ्या बँकेचा माणूस फेब्रुवारीत पाहणीला येतोय. तोवर सगळ्या मजुरांच्या अंगावर चमकणारी जाकिटं दिसली पाहिजेत. बाकी तुम्हाला फारसं काम नाही.”

सातारा–कोरेगाव रस्त्याचं रुंदीकरण. एकाहत्तर मजूर, त्यांत एकतीस बायका. सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन अडीच वर्षं घरी बसले होते, तेव्हा फारसं काम नसलेली नोकरीही चालेल. बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि देवापुढे ठेवलं.

८ जानेवारी, शुक्रवार

पुण्याहून तीन नमुने आले. एक प्लास्टिकच्या कापडाचं, ते घालून मी ऑफिसात अर्धा तास बसले तर पाठ ओली झाली. दुसरं जाळीचं, हलकं, पण खडी उचलताना पहिल्याच दिवशी फाटेल. तिसरं सुती, जाड. रंग दोनच, लिंबासारखा पिवळा नाहीतर केशरी.

मुकादम आकाराम यांना घेऊन वळणावर गेले. त्यांनी बाभळीला जाकिटं टांगली. अंधार पडल्यावर शिपायाने मोटरसायकलचा दिवा लावून लांबून आणली आणि मी पावलं मोजत मागे मागे गेले. जाकिटावरची उजेड परतवणारी पट्टी दोन्ही रंगांवर सारखीच चमकते. दिवसा मात्र पिवळं जाकीट कापणीच्या ज्वारीत हरवून जातं. केशरी उठून दिसतं. सुती आणि केशरी, असं ठरवून टाकलं.

आकाराम म्हणाले, “ताई, आजवर कुनी एवडं बघितलं न्हाई आमच्याकडं.” घरी येईपर्यंत ते वाक्य मनात होतं.

१३ जानेवारी, बुधवार

बायकांना नमुना घालून पाहिला. मी किती मूर्ख आहे ते कळलं. जाकीट शर्टावर घालायच्या बेताने शिवलेलं. बाई ते घालते आणि वरून पदर घेते. पदराखाली पाठीची पट्टी दिसतच नाही. पदर आत खोचला तर डोक्यावर पाटी ठेवायला काही उरत नाही. हात वर केले की जाकीट छातीपर्यंत चढतं.

हे सगळं मला हरणाबाईने करून दाखवलं. आटपाडीकडच्या एका वाडीची, उंच, आवाज मोठा. मेंढरं राखणारी घरं त्यांची. आता दुष्काळामुळे निम्मी माणसं रस्त्याच्या कामावर. ती म्हणाली, “आवं ताई, ह्ये गड्यांचं हाय. आमाला घालायचं तर आमच्या अंगावर मापून शिवा.” सगळ्या हसल्या. मी वही काढली आणि खरंच मापं घेतली.

लांबी चार बोटं जास्त. बाजूला नाड्या, म्हणजे जाड-बारीक कुणालाही बसेल. खांद्यांवर दोन पट्ट्या, त्या पदराबाहेर राहतील. आणि डोक्यावरच्या चुंबळीलाही एक पट्टी. ही शेवटची कल्पना माझी.

१९ जानेवारी, मंगळवार

सांगलीला जाऊन आले. साताऱ्याच्या शिंप्यांची मशिनं एवढं जाड कापड आणि पट्टी घेत नाहीत. सांगलीत मार्केट यार्डामागे आप्पासो म्हणून आहेत, हळदीच्या वखारींसाठी ताडपत्र्या आणि गोणपाटं शिवतात. दुकानभर हळदीची पिवळी धूळ. पट्टी त्यांनी बोटांनी वाकवून पाहिली, उन्हात धरली.

“इस्त्री चालायची न्हाई हिला. आन टाके कमी घालतो, सुईची भोकं पडली की चमक मरतीया,” ते म्हणाले. मग नाड्यांकडे बोट करून, “ह्या गाठी माराय शिकवाव्या लागतील बायकांस्नी. सैल ऱ्हायल्या तर मशीनीत गुतायच्या.”

मला हे सुचलं नव्हतं. मी लिहून घेतलं. एकाहत्तर जाकिटांचं काम त्यांनी नऊ दिवसांत द्यायचं कबूल केलं.

२९ जानेवारी, शुक्रवार

जाकिटं आली. बसमध्ये गठ्ठा शेजारच्या सीटवर ठेवून आणला, त्याचंही तिकीट काढलं. पत्र्याचा साचा करून पाठीवर काळ्या रंगाने नंबर मारले, एक ते एकाहत्तर. नंबरासमोर रजिस्टरात नाव. हरणाबाई तेवीस. आता हजेरी लांबूनही घेता येते, जाकीट हरवलं तर कुणाचं ते कळतं.

एक नियमही केला. तीन दिवस न आल्यास जाकीट स्टोअरला जमा करायचं, म्हणजे ते दुसऱ्याला देता येईल. दिग्विजय साहेबांनी नियम वाचून मान डोलावली. “छान. हजेरीची कटकटच मिटली. नंबर जमा, माणूस कमी. टाइप करून लावा.”

प्रत्येक बाईकडून नाड्यांची गाठ तीनदा बांधून घेतली.

३ फेब्रुवारी, बुधवार

बँकेचे गृहस्थ आले आणि गेले. बायकांच्या जाकिटांपाशी थांबले, चुंबळीवरच्या पट्टीचा फोटो काढला. साहेब खूश. उरलेली पट्टी स्टोअरमध्ये पडून आहे म्हटल्यावर म्हणाले, “रस्त्यावरच्या पिंपांना गुंडाळून टाका. दिसायला एकसारखं.” गाड्या कामाच्या बाजूला येऊ नयेत म्हणून उभी केलेली ही डांबराची रिकामी पिंपं आधीच केशरी रंगवलेली आहेत. संध्याकाळपर्यंत सगळी गुंडाळून झाली. रांगेत उभी केली तर खरंच शोभून दिसत होती.

बाबांनी विचारलं, पाहुण्यांनी तुझं नाव विचारलं का? नाही विचारलं. पण फोटो काढला.

९ फेब्रुवारी, मंगळवार

तेवीस नंबरच्या नाड्या सैल होत्या. तीनदा बांधून घेऊनही विसरली. धुळीसाठी तोंडावर फडकं गुंडाळलेलं, डोळे तेवढे उघडे. मी पुन्हा गाठ मारून दाखवली, तिने काही न बोलता पाहून घेतलं. वाळल्यासारखी वाटली. उंचीसुद्धा मला कमी वाटली. आकारामांना विचारलं तर म्हणाले, “ताप येऊन गेला तिला. आवाज बी बसलाय.” आणि लगेच डांबराच्या गाडीकडे गेले.

मी पुढे विचारलं नाही. रजिस्टरात हजर लिहिलं.

१५ फेब्रुवारी, सोमवार

दुपारच्या सुट्टीत तेवीस नंबर स्टोअरच्या दारात उभी. जाकीट काढून घडी घालून आणलेलं. “ताई, ह्ये जमा करून घ्या. आट दिस झालं, माजी पोर ल्हान हाय घरी. मला जायाचं हाय.”

मी तिला समजावलं. जाकीट जमा केलं की तीन दिवसांनी नंबर दुसरीला जाईल, मग परत आलीस तरी काम मिळणार नाही. महिना पुरा करून जा. तिने जाकिटाची घडी उलगडली. “नंबर गेला तर तिचं काम बी जाईल?” असं काहीतरी पुटपुटली. ‘तिचं’ म्हणाली की ‘त्यांचं’, मला नीट ऐकू आलं नाही. मग जाकीट अंगात घातलं आणि गाठ अगदी नीट मारली.

बोलताना तोंडावरचं फडकं खाली सरकलं तेव्हा तिच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके दिसले. मापं घेतली त्या दिवशी कसे दिसले नाहीत कोण जाणे.

एका बाईचं काम वाचवलं, असं वाटून दिवस बरा गेला.

२७ फेब्रुवारी, शनिवार

काल लिहिता आलं नाही.

काल संध्याकाळी सहाच्या सुमारास ऑफिसात फोन आला. कोरेगावकडून येणारा ट्रक पिंपांच्या रांगेत घुसला. एक बाई जागेवरच गेली. आकाराम डिझेल आणायला कोरेगावला गेलेले. फोनवरचा पोलीस म्हणाला, “नाव सांगता येत नाही कुणाला, बायका नुसत्या रडताहेत. पाठीवर तेवीस आहे.”

मी रजिस्टर उघडलं आणि नाव सांगितलं. गावसुद्धा सांगितलं. मग साहेबांनी मला वाडीच्या ग्रामपंचायतीला फोन लावायला सांगितलं. तिथल्या शिपायाला मी म्हणाले, हरणाबाई गेली, घरच्यांना सांगा, साताऱ्याला सिव्हिल हॉस्पिटलला यायला सांगा. त्याने दोनदा विचारलं, कोन म्हनला? दोन्ही वेळा मी तेच नाव सांगितलं.

तासाभराने फोन वाजला. बाईचा आवाज होता.

“ताई, मी हरणाबाई बोलती. मी जिती हाय. माजी लेक बाळंत झाली, शेजारच्या गावात तिच्यापाशी हुते, सांगावा आला म्हनून पळत आले.” मागे कुणीतरी हंबरडा फोडत होतं, ते तिच्याच नावाने. मग तिचा आवाज एकदम खाली आला. “मंग जाकीट कुनाच्या अंगावर हुतं?”

 मला खरंच माहीत नव्हतं, किंवा होतं.

“धोंडुबाई,” ती म्हणाली. “माजी जाऊ. मीच धाडली तिला.” आणि फोन तसाच लोंबकळत राहिला असावा, कारण रडणं ऐकू येत राहिलं.

हॉस्पिटलात मी आत गेले नाही. दारात आकाराम भेटले, त्यांना विचारलं, हनुवटीवर गोंदण आहे का? त्यांनी होकारार्थी मान हलवली. मला म्हणाले, “नंबर गेला की बाई गेली कामावरनं, ताई. हरणाबाईची लेक अडली हुती. चार-पाच दिस म्हनून आनली हिला. मंग लांबतच गेलं. म्या काय करायला पायजे हुतं?”

ड्रायव्हरने पोलिसांना सांगितलं की सूर्य डोळ्यांवर होता. केशरी दिसलं, चमकलं, ते पिंपच वाटलं. समोरून गाडी आली, तिला चुकवायला ट्रक पिंपांवर घातला.

मी जाकिटं अंधारात आणि भर दिवसा पारखली होती. मावळतीच्या तोंडाला उभी करून एकदाही पाहिली नाहीत.

३ मार्च, बुधवार

धोंडुबाईचा नवरा सिद्धू मेंढरं घेऊन मेढ्याच्या पलीकडे डोंगरात होता. आकाराम दोन दिवस शोधत फिरले. तो पोचला तेव्हा तिची माती होऊन गेली होती.

आज साहेबांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. सदर महिला कंपनीच्या मस्टरवर नाही. तिने कंपनीचं जाकीट परस्पर वापरलं. ती कामावर असल्याची मला कल्पना नव्हती. खाली माझं नाव.

मी म्हणाले, “सर, ती सतरा दिवस काम करत होती.”

“तुम्हाला माहीत होतं?” त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता. “माहीत असेल तर तसं लिहू. मग सुरक्षा सहायकाने परकी बाई कामावर ठेवली असं होईल. तुम्हीच ठरवा.”

मी सही केली.

घरी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “बरं केलंस. तुला माहीत नव्हतं ना? मग झालं तर.” जेवताना त्यांनी मला आणखी भात वाढला. मी तो ताटात बाजूला सारला.

मला माहीत होतं का? उंची कमी वाटली हे खरं. आवाज वेगळा होता. पोर लहान आहे म्हणाली, आणि मापं घेतली त्या दिवशी हरणाबाई लेकीच्या बाळंतपणाचं बोलत होती. मी एवढी मंद नाही. मला रजिस्टर बरोबर हवं होतं, म्हणून ते बरोबर दिसत राहिलं.

७ मार्च, रविवार

आज दहावा. कंपनीतून कुणी गेलं नाही. मी आणि आकाराम एसटीने गेलो, विट्यापर्यंत एक गाडी, पुढे दुसरी. वाडीवर बारा-पंधरा घरं, सगळीकडे मोकळे मेंढवाडे. हरणाबाई दारातच बसली होती. मला बघून उठली नाही, पण शेजारी जागा करून दिली.

“लोकांनी तासभर माजं रडणं केलं,” ती म्हणाली. “मी जिती बगून त्यांला बरं वाटलं. तवर धोंडुबाईच्या दारात कोनच गेलं न्हवतं.”

सिद्धू कांबळं पांघरून भिंतीला टेकला होता. तीन-एक वर्षांची मुलगी त्याच्या मांडीवर झोपलेली. पैशाचं त्याने काढलंच नाही. म्हणाला, “कंपनीचा मानूस आलता. म्हनला तुमची बायकू तितं कामालाच न्हवती. जाकीट चोरलंय म्हनला. मंग ती रस्त्यावर काय करत हुती? वाडीत लोकं मला इचारत्यात. मी काय सांगू?”

 हरणाबाईने माझ्याकडे पाहिलं. ती मोठ्या आवाजाची बाई, पण आज हळूच म्हणाली, “ताई, चोरटी म्हनत्यात तिला. सतरा दिस खडी वाहिली तिनं. तुमी बगितलंय की.”

मी हो म्हणाले. 

परतीच्या गाडीत आकारामांना म्हटलं, मी खरं लिहून दिलं तर तुमचं काम जाईल. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “जाईलच की.” आणि बऱ्याच वेळाने, “लिवा.”

९ मार्च, मंगळवार

सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेले. मस्टर काढलं. आठ फेब्रुवारीपासून सव्वीसपर्यंत, दोन रविवार सोडून, तेवीस नंबरच्या ओळीतल्या सतरा खुणा एकेक करून खोडल्या. खाली नवी ओळ आखून धोंडुबाई सिद्धू असं लिहिलं आणि सतरा दिवस हजर मांडले. प्रत्येक खाडाखोडीवर सही आणि आजची तारीख. लपवून काही केलं नाही. 

मग कामगार अधिकाऱ्याच्या कचेरीत गेले. माझ्या हाताने चार पानं लिहिली. पंधरा फेब्रुवारीला ती जाकीट परत करायला आली होती, तिला घरी जायचं होतं, मी तिला कामावर परत पाठवलं, हेही लिहिलं. मधल्या एका वाक्यावर पेन थांबलं होतं. मी जर त्या दुपारी जाकीट घेतलं असतं. ते वाक्य खोडलं, कारण तिथे ते कुणी विचारलं नव्हतं.

तिथल्या कारकुनाने पोच देताना विचारलं, “तुम्ही मयताच्या नातेवाईक?” नाही म्हणाले. “मग कोण?” मी सुरक्षा सहायक असं सांगितलं. त्याने वर पाहिलं आणि शिक्का मारला.

१० मार्च, बुधवार

साहेबांनी आरडाओरडा केला नाही. किल्ल्या टेबलावर ठेवायला सांगितल्या. आकारामांनाही काढलं. बाबा सकाळपासून माझ्याशी बोललेले नाहीत. संध्याकाळी आईला म्हणाले, “हिला आता कोण घेणार?” मी ऐकावं एवढ्या मोठ्याने.

२४ एप्रिल, शनिवार

कोरेगावच्या बाजारात रस्त्याच्या कामावरच्या दोन बायका भेटल्या. आता नंबरासोबत फोटोचं ओळखपत्र आहे, रोज अंगठा घेतात. कुणाला कुणाच्या बदली जाता येत नाही. एकीला सासऱ्याच्या आजारपणात चार दिवस घरी राहावं लागलं, तिचं काम गेलं. हरणाबाईलाही परत घेतलं नाही. त्या दोघी मला रागाने काही म्हणाल्या नाहीत. घाईत आहोत म्हणाल्या आणि कांद्याच्या ढिगाकडे वळल्या.

पिंपांवरची पट्टी अजून तशीच आहे. मी विचारलं होतं.

२० जून, रविवार

निकालाचं पत्र शुक्रवारी निघालं. कंपनीने कामगार मानायला नकार दिला होता, पण मस्टरच्या दुरुस्त्या आणि माझा जबाब धरून अधिकाऱ्याने तिला कामावरची मजूर ठरवलं. भरपाईचा आदेश आहे, कंपनी वर जाणार असं ऐकते, म्हणजे वर्षं जातील. पत्राची नक्कल घेऊन आज वाडीला गेले. बाबांना सांगून गेले. छत्री घेऊन जा, एवढं म्हणाले. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

सिद्धू मेंढरं घेऊन परवाच घरी परतला होता. पाऊस अजून नाही तिकडे. हरणाबाई आली, तिच्या कडेवर लेकीचं चार महिन्यांचं पोर. शेजारचे दोघे-तिघे आले. सिद्धूला वाचता येत नाही. म्हणाला, “तुमीच वाचा. समद्यांस्नी ऐकू जाईल असं वाचा.”

मी उभं राहून वाचलं. सदर महिला दिनांक आठ फेब्रुवारी ते सव्वीस फेब्रुवारी या काळात रस्त्याच्या कामावर मजूर म्हणून प्रत्यक्ष काम करत होती हे सिद्ध होते. सरकारी भाषा, पण सगळे कान देऊन ऐकत होते. वाचता वाचता नावापाशी आले आणि दिसलं की टाइप करणाऱ्याने धोंडुबाईऐवजी सोनुबाई केलंय. एकदा नाही, तिन्ही ठिकाणी. कचेरीतून घेताना मी निकाल तेवढा पाहिला होता.

मी धोंडुबाई असंच वाचलं.

“परत वाचा,” सिद्धू म्हणाला. मी पुन्हा वाचलं, तिन्ही वेळा धोंडुबाई. त्याने कागद घेतला, जिथे मी बोट ठेवलं होतं तिथे आपलं बोट ठेवलं, आणि मुलीला जवळ ओढून म्हणाला, “ह्ये बग. आईचं नाव.” मुलीने कागदाला हात लावला आणि खेळायला पळाली.

त्याला तो कागद पेटीत ठेवायचा होता. मी म्हणाले, एक शिक्का राहिलाय, आठ दिवसांत आणून देते. त्याने काही न विचारता दिला. हरणाबाई मला गाडीपर्यंत सोडायला आली. तिची शाळेची दोन वर्षं झालीत, ती अक्षरं लावत वाचते; सिद्धूने नावावर बोट ठेवलं तेव्हा तीही कागदावर वाकली होती.  गाडी लांबून दिसली तेव्हा म्हणाली, “नीट करून आना, ताई.”

उद्या सोमवार. कचेरी साडेदहाला उघडते. नाव दुरुस्तीचा अर्ज आत्ताच लिहून ठेवलाय.